बहिऱ्या कानाकडची खुर्ची

लखनौला मलिहाबादच्या आमराया पाहायला चाललोय, असं मी घरी सांगितलं. कारखान्यात सांगितलं, फवारणीच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक आहे. दोन्ही खरं होतं, पण दोन्ही सांगताना मी खोटं बोलत होतो. मी चाललो होतो छावणीत राहणाऱ्या हवालदार हणमंत पिसाळांना एक गोष्ट सांगायला. ती ऐकून ते मला घराबाहेर काढतील, पोलिसांत देतील की नुसते बघत बसतील, मला काही ठाऊक नव्हतं. मुळात माझ्या तोंडून ती निघेल का, याचीच खात्री नव्हती.

ती गोष्ट इथेच सांगून टाकतो. आयुष्यभर मी बोलणं पुढे ढकलत आलोय, निदान लिहिताना तरी तसं नको.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. आधी आम्ही पंख्यांची पाती करायचो, आता फवारणीच्या ड्रोनची करतो. पातं तयार झालं की ते तोलायचं काम माझं. दोन्ही टोकं समान भरली तर ते शांत फिरतं, नाही भरली तर ओरडतं. तोलून झालं की मी त्यावर पांढऱ्या मार्करनं नंबर घालतो आणि शेजारी ‘श’ लिहितो. श म्हणजे शरद, म्हणजे मी. माझं पातं ओरडत नाही, हा माझा एवढाच काय तो अभिमान.

माल पाठवण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. घेणाऱ्याला फोन करायचा, कुठलं यंत्र, कुणाचं शेत, हे विचारायचं, लिहायचं आणि मग सही. मी सोमवारी सकाळी चहाच्या आधी गठ्ठाभर कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायचो. पुढचं पोरं भरतील ते भरतील. आमच्या ओळीतल्या बहुतेक कारखान्यांत असंच चालतं. गाडी खोळंबत नाही.

गेल्या वर्षी ईशान्येकडच्या डोंगरात एका सशस्त्र गटानं स्वतः बनवलेल्या ड्रोनमधून लष्कराच्या चौकीवर स्फोटकं टाकली. अवशेषांत पात्याचा बोटभर तुकडा सापडला. त्यावर श होता.

तपासाला आलेले अधिकारी शांत स्वभावाचे होते. चहा घेतला नाही. म्हणाले, “हे लोक आता तयार यंत्राची वाट बघत नाहीत, पाटणकर. पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः जोडतात, उडवतात, पडलं की पुन्हा जोडतात. त्यांचाही कारखानाच आहे म्हणा. तुमच्या पात्याला आतून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावलेला होता. त्यांनी ते परत तोलून पाहिलं होतं.” मग त्यांनी विचारलं, “माल सोडण्याआधी तुम्ही घेणाऱ्याशी बोलला होता?”

“हो,” मी म्हणालो.

बोललो नव्हतो. सही मात्र माझी होती. जाताना ते दारात थांबून म्हणाले, “चौकीवर तुमच्या साताऱ्याकडचा एक हवालदार होता. उजवा हात गेला त्याचा.”

अमौसी आणि मानक नगर

विमान अमौसीला उतरलं तेव्हा फेब्रुवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. मला घ्यायला वसंता आला होता. वसंता माझा हॉस्टेलच्या खोलीतला सोबती, मूळचा वर्ध्याचा, आता मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत मोठा साहेब. साहेबपणाची खूण म्हणजे फक्त पोट.

“काय बे शऱ्या, वाळला ना तू पार! बायको जेवायला देते का नाही?”

“देते. मीच खात नाही.”

“मग इथे खा. इथे न खाणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात.”

त्याचं घर कॉलनीतलं, समोर मोकळं अंगण, अंगणात पालक आणि कोथिंबीर. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुंडी ठेवायची तरी शेजाऱ्याची परवानगी लागते. नीलावहिनींनी निमोना केला होता, म्हणजे कोवळे मटार वाटून केलेली हिरवी आमटी, आणि सोबत ज्वारीची भाकरी. पीठ नागपूरहून येतं म्हणे, दर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून.

“भाऊजी, सब्जी घ्या ना अजून. अच्छा, तिखट कमी वाटतंय का?”

वहिनींना आपण हिंदी बोलतोय हे कळतही नाही. मुलगा तर मराठी ऐकून हिंदीतच उत्तर देतो. वसंता म्हणतो, “आमचं पोरगं म्हणजे एकेरी रस्ता आहे. मराठी आत जाते, बाहेर येत नाही.”

पिसाळांचं नाव मला कळलं ते वसंताकडूनच. मागे एकदा फोनवर तो सहज म्हणाला होता, की छावणीत साताऱ्याच्या खटावकडचा एक हवालदार आलाय, ड्रोनच्या स्फोटात हात गेलाय त्याचा, नवा हात बसवायचं चाललंय, गणपतीत मंडळात भाषण केलं त्यानं. त्या रात्रीपासून मी नीट झोपलेलो नाही. आता जेवताना मी विचारलं, “त्या पिसाळांना भेटता येईल का रे?”

“ओळखतो तू त्याला?”

“नाही. गाववाले म्हणून.”

वसंतानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. चार वर्षं एका खोलीत काढलेला माणूस तो. “परवा जा. उद्या तुझे आंबे बघून ये,” एवढंच म्हणाला.

मलिहाबाद

हरदोईच्या रस्त्यानं निघालो. वसंतानं पहाटे चौकातून मलई मक्खन आणलं होतं, ते गाडीतच खाल्लं. थंडीच्या दिवसांतच मिळणारा हा फेसाचा गोड पदार्थ तोंडात घातला की नाहीसा होतो. खाल्लं की नाही, हा प्रश्न पडतो. आपल्या खरवसाला निदान चावायला तरी लागतं.

मलिहाबाद सुरू झालं ते वासावरूनच कळलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दसहरीची झाडं, आणि सगळी मोहरायला लागलेली. कोकणातल्या आपल्या हापूसच्या बागा कातळावर, ऐसपैस अंतर ठेवून उभ्या असतात. इथे फांद्या एकमेकींत शिरलेल्या, खाली जमिनीला टेकलेल्या. आत गेलं की दुपारी सुद्धा सावली ओली वाटते. बागेचे मालक खान साहेब, सत्तरीचे, गळ्यात मफलर. आम्हाला खाटेवर बसवून त्यांनी आधी मटारची घुगनी, म्हणजे उसळच, आणि चहा दिला. कामाचं बोलायला सुरुवात केली तर हात वर केला.

“पहले आराम से खाइए। मशीन कहीं भागी नहीं जा रही।”

मशीन खरोखरच कुठे गेली नाही. टाकीत औषध नव्हतं, प्रात्यक्षिकापुरतं नुसतं पाणी होतं. खान साहेबांनीच बजावलं होतं की मोहर पूर्ण उमलल्यावर औषध मारलं तर मधमाश्या मरतात, तेव्हा औषध आधीच मारायचं. ड्रोन घेऊन आधीच आलेला आमचा चालक मोकळ्या द्राक्षबागांना सरावलेला. ड्रोन वर गेला, छान तरंगला, दुसऱ्या ओळीशी वळला आणि एका जुन्या फांदीत जाऊन अडकला. एक पातं मोडलं. पाणी झाडाखाली उभ्या असलेल्या वसंताच्या डोक्यावर पडलं.

“साहब,” खान साहेब गंभीरपणे म्हणाले, “आपका परिंदा तो घोंसला ढूँढने लगा।”

सगळे हसले. मीही हसलो असतो. पण तेवढ्यात बागेची राखण करणारी म्हातारी झोपडीतून हळूहळू बाहेर येताना दिसली. ड्रोनचा आवाज सुरू झाल्याबरोबर ती आत जाऊन खाटेखाली शिरली होती. अंगाची माती झटकत तिनं मला विचारलं, “ई वही आय न, जौन टीवी मा बम गिरावत है?”

“अरे अम्मा, ये दवा छिड़कता है,” खान साहेब म्हणाले. “क्यों साहब?”

मला ‘जी’ म्हणायला वेळ लागला. नको तितका. मोडलेलं पातं मी उचललं. टोकाशी श होता. मी ते रुमालात गुंडाळून खिशात घातलं, जणू कुणी पाहिलं तर मला ओळखेल.

छावणी

छावणीचे रस्ते रुंद, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. वसंतानं मला फाटकाशी सोडलं. “मी संध्याकाळी येतो,” म्हणाला, आणि थांबला नाही. कळलं असावं त्याला काहीतरी.

पिसाळांचं क्वार्टर तळमजल्यावर. व्हरांड्यात तीन वेताच्या खुर्च्या. मधल्या खुर्चीत हणमंतराव बसलेले, पंचेचाळिशीचे, खांदे अजून परेडचे. उजवा हात मनगटाच्या वर संपलेला, त्यावर स्वच्छ पांढरा मोजा. मी डावीकडे बसायला लागलो तर म्हणाले, “हिकडं या साहेब, उजव्या अंगाला. डावा कान बंद हाय आपला. त्या बाजूनं शिव्या दिल्या तरी चालतात. आमची सौ देते.”

“आणि ऐकू येतात त्यांना, भाऊ,” आतून सुरेखाताई म्हणाल्या. “बरोबर त्याच तेवढ्या ऐकू येतात.”

कांदेपोहे आले, वर हिरवे मटार आणि लखनवी शेव. आत टेबलाशी त्यांची मुलगी ईश्वरी अभ्यास करत होती, दहावीची. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. मी सांगितलं, पुण्याहून आलो, पंख्यांच्या कारखान्यात असतो. पंख्यांच्या! ड्रोन हा शब्दच जिभेवर आला नाही.

हणमंतराव आपणहून बोलायला लागले. त्यांना सांगायला आवडत होतं असं नाही, पण लोक तेच विचारायला येतात हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

“सुरुवातीला त्यांची यंत्रं यायची ना साहेब, ती म्हणजे गंमतच. वाकडी उडायची. आवाज असा, खर्रर्र खर्रर्र, बिघडलेल्या गिरणीसारखा. आम्ही लांबूनच वळखायचो. पोरं हसायची, म्हणायची, आली बघा चक्की. पण महिन्या-महिन्याला सुधारत गेली. कुणीतरी तिकडं डोकं लावून काम करत होता, यार. मान्य करायलाच पाहिजे. आणि शेवटची जी आली ना...” ते थांबले. “तिला आवाजच न्हवता. नुसती शीळ घातल्यासारखी. एकदम गुळगुळीत. मला वाटलं वारा हाय. मान वर करेपर्यंत डोक्यावर आलेली. माझ्या शेजारी एक पोरगा होता मणिपूरचा. तो गेला.”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. शीळ घातल्यासारखी. बाजारात माझ्या पात्यांची हीच ख्याती. मीच एका प्रदर्शनात एका शेतकऱ्याला म्हणालो होतो, काका, आवाज ऐका, नुसती शीळ.

मी उठलो. भिंतीवर त्यांच्या पलटणीचा फोटो होता, तो पाहिला. परत येताना डावीकडच्या खुर्चीत बसलो. बसताना मला माहीत होतं मी कुठे बसतोय. ते रस्त्यावरच्या भाजीच्या गाडीकडे पाहत होते. मी खाली मान घालून, हळू आवाजात सगळं म्हटलं. पाती आमची होती. तोलली मी होती. फॉर्म कोरा होता आणि सही माझी होती. अधिकाऱ्यांशी मी खोटं बोललो. मला क्षमा करा.

हणमंतराव गाडीकडेच पाहत म्हणाले, “आज मुळा चांगला दिसतोय.”

लाज वाटते, पण खरं लिहितो. त्या क्षणी मला हलकं वाटलं. सांगून झालं, असं वाटलं. मी उरलेले पोहे संपवले आणि चहा मागून घेतला.

फाटकापर्यंत पोचवायला ईश्वरी आली. लोखंडी दाराची कडी काढून ती तशीच उभी राहिली.

“अंकल, पापा उस कान से नहीं सुनते।”

“हो, सांगितलं त्यांनी.”

“मैं सुनती हूँ।”

ती माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या कडीकडे पाहत होती.

“मैं उनको नहीं बताऊँगी,” ती म्हणाली. “वो मेरा काम नहीं है। आप कल आइए।”

“आणि नाही आलो तर?”

“तो मुझे रोज़ पता रहेगा, और उनको नहीं।” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “ये आप मुझको देकर मत जाइए, अंकल।”

संध्याकाळी वसंतानं विचारलं, “काय म्हणाला पिसाळ?” मी म्हणालो, “मुळा चांगला आहे म्हणाला.” वहिनींनी काळ्या गाजराचा हलवा केला होता. या गावात थंडीभर तो खातात, रंग जांभळट काळा. मला त्याची चव आठवत नाही.

पुन्हा छावणी

सकाळी दहाला गेलो. दार ईश्वरीनं उघडलं. मला पाहिल्यावर ती डावीकडची वेताची खुर्ची उचलून आत घेऊन गेली. मला बसायला एकच जागा राहिली, हणमंतरावांच्या उजवीकडे.

“काय साहेब, काही विसरला होता काय काल?”

“हो,” मी म्हणालो, आणि बसून सगळं सांगितलं. या वेळी मोठ्यानं. सुरेखाताई पोळ्या लाटत होत्या, तो आवाज मध्येच बंद झाला. मी क्षमा मागितली नाही. काल मागितली होती, आणि ती किती स्वस्तात मागितली होती ते मला ठाऊक होतं.

हणमंतरावांनी मोज्यातला हात डाव्या हातानं धरला.

“म्हणजे ती शीळ तुमची.”

“हो.”

“लई चांगलं काम हाय तुमचं.” ते हसले, आणि ते हसू पाहवेना. “आम्ही तिकडं म्हणायचो, कोण असंल तो शेडमधला हुशार. त्याचं तोंड बघायचंय एकदा. आणि तुम्ही माझ्याच घरी पोहे खाऊन गेला.”

आतून सुरेखाताई दारात आल्या, हाताला पीठ. “त्या मणिपूरच्या पोराची आई मला फोन करते अजून,” त्या म्हणाल्या. “हिंदी येत नाही तिला, मला तिची भाषा येत नाही. दोघी नुसत्या फोन धरून बसतो. तिला काय सांगू मी, भाऊ?”

“अगं थांब,” हणमंतराव त्यांना म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. आता आवाज वेगळा होता, चौकीवर ड्युटी वाटून देताना असेल तसा. “तपासाच्या साहेबाला खरं सांगितलं?”

“नाही.”

“सांगणार?”

“हो.”

“ते नंतर बघू. मला एक सांगा. आज चार दिवस तुम्ही हितं. तिकडं त्या फॉर्मवर सही कोण करतंय?”

एवढा प्रवास करून, एवढं बोलून, हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता. निघायच्या दिवशी घाई होती. मी नेहमीसारखा गठ्ठा पुढे ओढला होता आणि...

“करून आलोय,” मी म्हणालो.

आत ईश्वरीच्या हातातून काहीतरी खाली पडलं. हणमंतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “लावा फोन.”

मी आमच्या दिघेला फोन लावला. तोच माल पाठवतो. स्पीकर चालू ठेवायला सांगितलं मला. “दिघे, मी बारा कोऱ्या फॉर्मांवर सह्या केल्या होत्या. सगळे फाड.”

“सर, दहा आहेत. दोन गेले.”

“कुणाला?”

“एक नगरच्या शेतकरी गटाला. दुसरा नवीन पार्टी आहे सर, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून स्वतः उचलणार म्हणाले. पत्ता नंतर देतो म्हणाले.”

“फोन केला होतास?”

“सर, तुमची सही होती ना.”

नगरला फोन लावला तर सचिव बाई भेटल्या, कुठल्या गावची डाळिंबं, किती झाडं, सगळं न विचारता सांगत सुटल्या. दुसरा नंबर लागला नाही. हणमंतराव म्हणाले, “परत.” पुन्हा नाही. “परत.” मग ट्रान्सपोर्टवाल्याला. खोकं अजून गोदामातच होतं. ते सोडू नका, हे मी त्याला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा हणमंतराव कान पुढे करून ऐकत होते.

दुपार झाली. मला जेवायला विचारलं नाही त्यांनी. ते योग्यच होतं. निघताना मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली की नाही सांगता येत नाही. फाटकाशी ईश्वरी नव्हती.

परत

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी अधिकाऱ्यांकडे गेलो आणि जबाब बदलला. त्यांनी तो शब्दन्‌शब्द लिहून घेतला. कारखान्यानं मला घरी बसवलंय, पुढे काय होईल ते होईल. ते खोकं अधिकारी घेऊन गेले. दिघेला त्यांनी सांगितलंय की घेणाऱ्याचा फोन आला तर नेहमीसारखंच बोलायचं. बायकोला मी आता सगळं सांगितलंय. तिनं एवढंच विचारलं, “मग आमराया पाहिल्यास की नाही?” पाहिल्या म्हणालो. त्या खरंच पाहण्यासारख्या आहेत. तुम्ही गेलात तर मोहराच्या दिवसांत जा.

ज्याला फवारणी करायची असते, त्याचं पातं एक दिवस उशिरा गेलं तरी तो फोनवर आरडाओरडा करतो. बावीस वर्षं मी तो आरडाओरडा ऐकत आलोय. या खोक्याला आता तीन आठवडे होऊन गेले, आणि दिघेला त्यासाठी एकही फोन आलेला नाही.

दर रविवारी सकाळी हणमंतरावांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“आलं का कोण विचारायला?”

“नाही.”

“अच्छा,” म्हणतात, आणि ठेवून देतात.